खजुरीच्या वाडीतलं हळदीकुंकू

ये गं बाई, अशी जवळ ये. कागदावर का होईना, गुडघ्याला गुडघा लावून बस. आधी चार शब्द रागावून घेते. मावशी आहे तुझी, तेवढा हक्क ठेव मला. फोन उचलत नाहीस. उचललास तर व्हिडिओ बंद. म्हणे, "मावशी, नेटवर्क वीक आहे." दुबईत नेटवर्क वीक! इथे आमच्या डोंगरात म्हशी राखणाऱ्याच्या फोनवर सिनेमे चालतात, आणि तुझ्याकडे नेटवर्क वीक. तुझी आई सांगते, ऑपरेशन होऊन कितीतरी महिने झाले, डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम, पण पोरगी पडदे ओढून एसीत बसलेली असते. आरशावर टॉवेल टाकून ठेवलास म्हणे. असं करतात का गं?

तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. "यू वोन्ट अंडरस्टँड, मावशी." म्हणून तर लिहायला बसले. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वर्तमानपत्रं आणि भेळेचे कागद वाचून शिकले, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस. फक्त एवढं ऐक. तू पहिलीत असताना मी महिनाभर हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत होते ना, तेव्हा तुम्हा मुलांना "मावशीच्या पोटाचं ऑपरेशन" असं सांगितलं होतं. ते पोटाचं नव्हतं. तुझं झालं तेच होतं. माझी छातीची डावी बाजू गेली तेव्हा मला चाळिशीसुद्धा लागली नव्हती. आणि मला त्यातून कुणी बाहेर काढलं म्हणशील, तर टेलर आंटीने.

आठवते ना टेलर आंटी? दुबईत अल मनखूलला आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. तुम्ही मुलं तिच्या वाळूच्या घमेल्यात किल्ले करायचात. आम्ही बायका तिला शिवणवाल्या काकू म्हणायचो. मूळच्या देवगडच्या. यजमान अबुधाबीजवळ मुसफ्फ्याला एका वर्कशॉपमध्ये होते, ते गेल्यावर गावी परत जायचं सोडून ह्या बाईने दुबईत खोली घेतली आणि मशीन मांडलं. मनखूलमधल्या निम्म्या मराठी बायकांच्या अंगावर काकूंच्या हातचा ब्लाउज असायचा.

आणि गंमत बघ, जन्मभर कपडे शिवून पोट भरणाऱ्या ह्या बाईला कपड्यांचा भयंकर राग! "देवाने माणसाला कातडी दिली ती काय अस्तर म्हणून?" असं म्हणायच्या आणि टरकन कापड फाडायच्या. घट्ट ब्लाउज शिवायला सांगितला की संपलंच. "दोन बोटं आत जायला हवीत. वाऱ्याने कुठून जायचं यायचं?" बायका कुरकुरायच्या, "अहो काकू, फिटिंग!" त्यावर काकू, "फिटिंग हवं असेल तर पाच दिरहम जास्त. म्हणजे पन्नास रुपये झाले. शिलाई नव्हे हो, दंड." आणि खरंच घ्यायच्या!

त्यांच्या घरी गेलं की चपला दारात काढायच्या. त्यात नवल नाही. पण मग त्या म्हणायच्या, "मोजे काढ. घड्याळ काढ. बांगड्या काढल्यास तरी चालेल." एसी होता, पण त्याला त्यांनी झिजलेल्या मोजपट्टीचा हार घातला होता, गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा. खिडकी बारा महिने उघडी. ऑगस्टमध्येसुद्धा! आपण घामाने निथळत उभे, आणि बाई पातळ सुती गाऊनमध्ये मजेत काजं करतायत. काजं-बटणं करताना पाय त्या घमेल्यात. घमेलं म्हणजे आपलं गवंड्याचं लोखंडी घमेलं, आणि त्यात वाळवंटातून तांदळाच्या गोणीत भरून आणलेली वाळू. घोट्यापर्यंत पाय पुरून बसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिसऱ्या मजल्यावर राहते गो. जमिनीला कळायला नको, आपण अजून आहोत म्हणून?"

वाळूचं वारं सुटायचं ना तिकडचं, शमाल, तेव्हा सगळी बिल्डिंग खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबायची आणि काकू गच्चीवर जाऊन हात पसरून उभ्या राहायच्या. खाली उतरायच्या तेव्हा भुवयांपासून पायांपर्यंत एकाच रंगाच्या. आमचा नातूर, म्हणजे वॉचमन, पेशावरकडचा म्हातारा होता. तो कपाळाला हात लावायचा. "अम्मा, आप बीमार हो जाओगी."

"खानसाब, उटणं है ये. फुकट का."

"क्या है?"

"तुम्हारे लिए भी है. जाओ ऊपर."

तो पुटपुटत जिने झाडायचा. पण एकदा मी त्यालाच गच्चीवर पाहिला, पठाणी सदऱ्याच्या बाह्या वर करून वाऱ्यात उभा. मला बघितल्यावर टाकी तपासायला लागला!

काकू वेड्या होत्या असं म्हणणारे पुष्कळ होते. तुझी आईसुद्धा त्यांतलीच, विचार तिला. पण मी त्यांचं वेड फार जवळून बघितलं, आणि शेवटी देवगडला जाऊनही बघितलं. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांची नजर कमी झाली, सुईत दोरा जाईना, तेव्हा त्या गावी परतल्या. आम्ही सुट्टीवर आलो की मी जायचे. शेवटच्या खेपेला गेले तर काकू पलंगावर, अंगात स्वेटर, वर शाल, पायात लोकरीचे मोजे, कानाला मफलर. सून बिचारी प्रेमानेच करत होती. "सर्दी होते हो त्यांना," म्हणाली. काकूंना बोलवत नव्हतं फारसं. माझ्याकडे बघितलं आणि मोज्यांकडे बघितलं. मी सुनेला चहा टाकायला पाठवलं आणि एकेक करत सगळं काढलं. मफलर, शाल, स्वेटर, मोजे. नुसत्या लुगड्यात त्यांना उचलून अंगणात आणलं. किती हलक्या झाल्या होत्या! पाय मातीला टेकले तशी बोटं हलायला लागली. तोंडातून शब्द आला तो काय, तर "खलास!" म्हणजे झालं, संपलं. सगळं आयुष्य तिकडे काढलेलं, आनंद झाला तरी अरबीच यायचं तोंडात. सून चहा घेऊन आली आणि ओरडली. मी म्हटलं, ओरड बाई, माझ्यावर ओरड. मी ह्यांची देणेकरी आहे.

कसली देणेकरी, तेच सांगते आता.

ऑपरेशननंतर वर्षभर मी तुझ्यासारखीच होते. तुझ्यापेक्षा वाईट. तुझे काका रुवैसला रिफायनरीत, गुरुवारी संध्याकाळी यायचे, शनिवारी पहाटे कंपनीच्या बसने परत. तेवढ्या दोन रात्रीसुद्धा मी मुलांच्या खोलीत झोपायचे. "मुलगी घाबरते," असं कारण. मुलगी मस्त घोरायची. अंघोळ दिवा न लावता करायची. आणि मनात ठरवून टाकलं होतं, मुलांच्या परीक्षा झाल्या की त्यांना घेऊन सांगलीला निघून जायचं. कायमचं. ह्यांना म्हटलं, "मुलांना मराठी शाळेत घालायचंय." ते म्हणाले नुसतं, "तुला बरं वाटत असेल तर बघू." तिकिटं काढायला एजंटकडे सांगूनही ठेवलं. खरं कारण मला माहीत होतं आणि त्यांनाही. ह्या माणसापुढे मला पुन्हा उभं राहायचं नव्हतं.

संक्रांत जवळ आली. मंडळाचं हळदीकुंकू असणार, न जाऊन चालणार नाही, आणि जुने ब्लाउज घालवत नव्हते. काकूंकडे माप द्यायला जायची छाती होईना. म्हणून मुलीबरोबर जुना ब्लाउज आणि काळं कापड पाठवलं, ह्याच मापाने शिवा. मुलगी तसंच गाठोडं घेऊन परत. "आई, आंटी सेज नो. तिला यू-च पायजे."

गेले. दार लावून घेतलं काकूंनी. मी पदर गच्च धरून उभी. त्यांनी टेप काढला, पदराच्या आतून हात घालून नेहमीसारखं माप घेतलं, इकडचं घेतलं, तिकडचं घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. मग खडूने कापडावर रेघा मारता मारता म्हणाल्या, "इतकी वर्षं मापं घेतेय. दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई अजून यायची आहे माझ्याकडे."

मला हसायला यावं की रडायला, कळेना. एवढ्यात त्या म्हणाल्या, "येत्या शुक्रवारी सकाळी बायका जमतोय. खवानीजला, हज्जाच्या मझ्र्यात. आत फक्त बायकाच हो. तू ये."

मझ्रा म्हणजे शेतवाडी, शहराबाहेरची. हज्जा म्हणजे एक म्हातारी अरब बाई, काकू तिचे घरचे झगे शिवायच्या. जानेवारीचा महिना, शुक्रवार, फक्त बायका. मराठी बाईच्या डोक्यात दुसरं काय येणार, सांग? मी म्हटलं हळदीकुंकू आहे!

बरं, काकूंनी ना होय म्हटलं ना नाही. मी आपली शुक्रवारी पहाटे उठून नटले. काळी चंद्रकळा, नवा ब्लाउज, डाव्या बाजूला कापसाची उशी, मोत्यांची नथ, बर्दुबईच्या देवळाजवळून आणलेला गजरा. पिशवीत तिळगूळ, हळदीकुंकवाची कुयरी आणि वाण. वाणाला काय घेतलं होतं माहिती आहे? हातरुमाल. छान कशिदा केलेले. काकांना सांगितलं, "हळदीकुंकवाला जाते, मुलांना सांभाळा."

खाली गाडी उभी होती. चालवायला एक मल्याळी नर्स, मागे दापोलीकडची एक मुसलमान मैत्रीण आणि काकू. तिघी गाऊन आणि ढगळ पंजाबी ड्रेसमध्ये. मनात म्हटलं, काय ह्या बायका, सणासुदीला अशा? त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं आणि मला गाडीत घेतलं. रस्ताभर काकू ओठ आवळून खिडकीबाहेर बघत होत्या. आता कळतं, हसू दाबत होत्या!

मझ्र्याच्या फाटकाशी हज्जा खुर्ची टाकून बसलेली, तोंडावर त्यांचा तो बुरखा, पुढ्यात कॉफीचा थर्मास. शुक्रवारी गडी सुट्टीवर, आणि तरी ती स्वतः राखणीला. बाईमाणसांच्या आवारात पुरुषाचं पाऊल नाही आणि कॅमेरा नाही, ही तिची अट. मला नखशिखान्त बघून म्हणाली, "माशाल्ला! अरूस!" अरूस म्हणजे नवरी. मग काकूंकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हाझी मजनूना." ही वेडी आहे. आणि खुशीत हसत म्हणाली, "यल्ला, यल्ला, आत जा."

आतलं आवार मोठं. उंच भिंत, खजुरीची झाडं, मध्ये पाण्याचा हौद, आणि झाडांखाली चटया अंथरलेल्या. मी चटईच्या कडेवर बसून पिशवीतून कुयरी काढली, तिळगुळाचा डबा उघडला, वर बघितलं. काकू गाऊन घडी घालून बाजूला ठेवत होत्या. अंगावर काही नाही. काही म्हणजे काही नाही! नर्सचंही तेच. दोघी उन्हाकडे पाठ करून बसल्या, घरच्या पडवीत निवडायला बसावं तशा.

माझ्या हातातून डबा सुटला. तिळाचे लाडू गडगडत हौदाकडे.

दापोलीवाली धावली, लाडू गोळा करत म्हणाली, "घाबरू नका ओ वैनी. मीपण कपड्यातच हाय. मी निस्ते पाय नि मान उघडी टाकतंय. काकी कोनाला सांगत नाय काडा म्हनून."

आणि खरंच. काकूंचे तिथे दोनच नियम. कुणाला आग्रह करायचा नाही आणि कुणाकडे टक लावायची नाही. दापोलीवाली कितीतरी हिवाळे यायची, पायांपलीकडे तिने कधी काही उघडं टाकलं नाही, आणि काकूंच्या तोंडून त्यावर कधी शब्द आला नाही.

पण मी? मला पळावं कुठे कळेना. जायचं तर गाडी नर्सची, आणि नर्स अशी! काहीतरी करायचं म्हणून मी आपलं हातातलं काम करायला लागले. कुयरी घेतली, दापोलीवालीला तिळगूळ दिला, नर्सला कुंकू लावलं. तिने मान पुढे केली अगदी शहाण्यासारखी. वाण म्हणून हातरुमाल दिला. तिने तो उलगडून बघितला, अंगाला लावून बघितला, आणि काकू खो खो हसत म्हणाल्या, "अगं, एवढ्यात काय झाकायचं तिने?"

मी हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले असेन. हसता हसता कुयरी घेऊन काकूंपुढे गेले आणि थांबले. त्या विधवा. आपल्याकडे हळदीकुंकवाला विधवेला बोलवतसुद्धा नाहीत, ठाऊक आहे ना तुला?

"का थांबलीस?"

"काही नाही, काकू."

"कपाळ सापडत नाही का? बाई, आज तर सगळंच उघडं आहे."

मी लावलं. हळद लावली, कुंकू लावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ उघडले नाहीत. मग रीतीप्रमाणे कुयरी माझ्या हातातून घेऊन मला लावलं. कपाळाला. आणि अगदी हळू म्हणाल्या, "त्या जागेला मात्र कुणीच हळद लावली नाही गो अजून."

एवढंच. कुयरी माझ्या मांडीवर ठेवून परत आपल्या चटईवर गेल्या, माझ्याकडे पाठ करून बसल्या.

मी काळ्या साडीत तशीच बसून राहिले. जानेवारीतलं तिथलं ऊन तुला माहीत आहे, मऊ असतं, पण काळं लुगडं, वर नथ, गजरा, आत कापूस. घाम कापसात मुरायला लागला. समोर एका खजुरीचा बुंधा होता. जवळून कधी बघितला आहेस? झावळ्या छाटल्याच्या खुणा एकावर एक, नुसत्या खुणाच, आणि त्यांवर पाय देत देतच माणूस वर चढतो. बुंध्यावरून मुंग्या चालल्या होत्या माझा लाडू घेऊन. कुणालाही माझं काही पडलेलं नव्हतं गं. ह्या सगळ्या आवारात माझी लाज फक्त मला एकटीलाच माहीत होती.

मी नथ काढली. मग साडी. मग नव्या ब्लाउजची हुकं. कापसाची उशी हातात आली तेव्हा ओली पिळपिळीत झालेली, ती पिशवीत टाकली. आणि बसले.

काय वाटलं ते लिहायला मला शब्द यायचे नाहीत, पण प्रयत्न करते. ती जागा बधिर होती. हात लावला तर परक्या कुणाला लावल्यासारखं वाटायचं. पण ऊन कळलं! आत, बरगडीपर्यंत कळलं. मग हौदावरून वारा आला. त्या वाऱ्याला डावं-उजवं काही माहीत नव्हतं. सगळीकडून सारखाच गेला. पायाखाली वाळू वरून गरम, बोटं खुपसली की आत थंड. कुठेतरी बुलबुल बोलत होता. मला वाटलं, मी ह्यातलीच आहे. ही मुंगी, ही खजूर, ती हज्जा बाहेर खोकतेय, आणि मी. काही कमी नाही ह्यात. मी कुयरीत बोट बुडवलं आणि त्या व्रणाला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या हाताने हळद लावली.

कुणी वळून बघितलं नाही. फक्त काकूंची पाठ थोडी हलली. बहुतेक रडत होत्या. किंवा त्या हातरुमालावर अजून हसत असतील, त्यांचं काही सांगता येत नाही.

दुपारी घरी आले. मुलं खाली खेळायला गेलेली. हे पेपर वाचत होते. "कसं झालं हळदीकुंकू?" म्हणाले. मी म्हटलं, "आत या जरा." खोलीत नेलं. खिडकीचा पडदा उघडला, ऊन आत आलं. आणि त्या उन्हात मी ह्यांच्यासमोर उभी राहिले.

पुढचं सगळं तुला नाही सांगणार, मावशी आहे मी तुझी. एवढं सांगते, तो एवढा मोठा माणूस, रिफायनरीत शंभर लोकांवर ओरडणारा, पलंगाच्या कडेवर बसून लहान मुलासारखा रडला. आणि काय विचारलं माहिती आहे? "अजून दुखतं का गं?" वर्षभर त्याला हे विचारायचं होतं. मी विचारूच दिलं नव्हतं. त्याला काय बघवणार नाही हे मीच ठरवून बसले होते, त्याच्या वतीने.

संध्याकाळी त्यांनी एजंटला फोन केला. तिकिटं रद्द, खलास. पुढे कितीतरी वर्षं आम्ही तिथेच राहिलो, आणि हिवाळ्यातला एकही शुक्रवार मी सोडला नाही. पुढे हज्जा गेली, तिच्या मुलांनी मझ्रा विकला, तिथे आता घरं झाली असतील. काकूही गेल्या. त्यांचे आभार मी कधी तोंडाने मानलेच नाहीत. मानले असते तर म्हणाल्या असत्या, "आभार कसले, शिलाईचे पैसे दे."

आता ऐक. इथे घराच्या मागे परस आहे, पेरू आहे, फणस आहे, शेणाने सारवलेली जमीन आहे. ह्या पावसाळ्यानंतर मी गवंडी बोलावून परसाची भिंत चांगली डोक्याच्या वर नेली. शेजारीण विचारत होती, "एवढी उंच कशाला हो, माकडांसाठी?" मी म्हटलं, हो, माकडांसाठीच.  सकाळच्या वेळी मागल्या दाराकडे फिरकायचं नाही, एवढं तुझ्या काकांनी आपणहून ठरवलंय. कुणी तुला काही काढ म्हणणार नाही, कुणी बघणार नाही. पाय उघडे टाकलेस तरी पुष्कळ. नाहीतर नुसती बस माझ्याशेजारी, मी दाणे सोलते, तू खा. सकाळचं ऊन सध्या फार छान येतं, पण होळी झाली की चटका बसायला लागेल. तेव्हा रजा टाक, तिकीट काढ, आणि थंडी आहे तोवर ये गं. लवकर ये.